हात वर न करता विचारलेले प्रश्न

प्रश्न : बंगळुरूत आउटर रिंग रोडवर आमचं ऑफिस आहे. दर तिमाहीला सगळ्यांची एकत्र बैठक होते. सुरुवातीलाच पडद्यावर क्यूआर कोड येतो. मोबाइलनं तो स्कॅन केला की प्रश्न लिहायची जागा उघडते. नाव द्यायचं तर द्या, नाही तर नका देऊ. इतरांचे प्रश्नही दिसतात, त्यांना अंगठा देता येतो आणि जास्त अंगठे मिळालेला प्रश्न वर सरकतो. साहेब वरचे चार-पाच प्रश्न घेतात आणि बैठक संपते. माझी पत्नी इथल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. तिनंही वर्गात असंच साधन वापरायला सुरुवात केली आहे आणि ती भलती खूश आहे. मी मात्र दर बैठकीनंतर चडफडत बाहेर पडतो. अशा साधनांनी खरंच चांगले प्रश्न पुढे येतात का? आणि नाव न देता विचारलेला प्रश्न खरंच निनावी राहतो का?
– एक वाचक, बंगळुरू

उत्तर : तुमच्या घरातले दोघंही बरोबर आहात. हे साधन दोन कामं करतं आणि ती एकच असल्याचा भास होतो. एक, प्रश्न गोळा करणं. दुसरं, गोळा झालेल्यांतून निवडणं. पहिलं काम ते फार चांगलं करतं. दुसरं त्याच्या गळ्यात घातलं की घोटाळा होतो. तुमच्या पत्नी बहुधा पहिल्या कामासाठी ते वापरत असाव्यात आणि तुमचे साहेब दुसऱ्यासाठी.

गंमत म्हणजे समोर बसलेल्यांचे प्रश्न बोलणाऱ्यापर्यंत पोचवायचे कसे, या कोड्याशी तुमच्याच शहरात मुख्यालय असलेल्या इस्रोनं मोबाइलच्या कितीतरी आधी झटापट केली आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट पोचवले गेले. त्यात कर्नाटकही होतं. शेती, आरोग्य, शाळेतल्या मुलांसाठी विज्ञान असे विषय, आणि संचासमोर अख्खं गाव. पण बोलणं एकाच दिशेनं. सांगितलेलं खत आमच्या काळ्या रानात चालेल का, असं एखाद्या शेतकऱ्याच्या मनात आलं तर विचारणार कुणाला?

नव्वदच्या दशकात त्यावर ‘टॉकबॅक’ची तोड निघाली. चित्र एका दिशेनं, आवाज दोन्ही दिशांनी. स्टुडिओत तज्ज्ञ बोलत, दूरच्या केंद्रांवर लोक ऐकत आणि तिथून प्रश्न विचारत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानं इस्रोबरोबर हा प्रयोग केला. मग १९९६ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात इस्रोनं मोठा प्रकल्प मांडला. त्यातले दोन आकडे बघा. कार्यक्रम बघायची सोय १५० गावांत, उलट बोलायची सोय फक्त १२ ठिकाणी, तीही ब्लॉकच्या मुख्यालयांत. म्हणजे ऐकायचं गावात बसून, पण विचारायचं तर तालुक्याच्या ठिकाणी जायचं. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उडाला. त्याची पूर्वतयारी जुन्या इन्सॅट-३बी उपग्रहावर झाली होती आणि तिच्यात बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ होतं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं आणि भोपाळचं राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठही. तिथेही अडचण तीच. कितीही वर्ग जोडा, एका वेळी एकाच केंद्राला बोलता येणार. बाकीच्यांचे प्रश्न घशातच.

आज नेमकं उलटं झालं आहे. विचारायची वाट प्रत्येकाच्या खिशात आहे. तुमच्या बैठकीला तीनशे माणसं असतील तर तीनशे प्रश्न दोन मिनिटांत जमतात. उत्तर देणाऱ्याकडे मात्र पूर्वीइतकीच वीस मिनिटं. पूर्वी तुटवडा वाहिन्यांचा होता, आता वेळेचा आहे. म्हणून कोण विचारू शकतं यापेक्षा कोणाचं घेतलं जातं, हा खरा मुद्दा झाला.

निवडीकडे वळण्याआधी गोळा करण्याचं श्रेय देऊन टाकू, कारण ते लहान नाही. सभागृहात हात वर करून कोण विचारतं, यावर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा देशांतल्या ३५ संस्थांमधली जवळपास अडीचशे चर्चासत्रं संशोधकांनी बसून न्याहाळली. पुरुषाकडून प्रश्न येण्याची शक्यता स्त्रीकडून येण्यापेक्षा अडीच पटींहून जास्त निघाली. आणखी एक बारीक गोष्ट आढळली. पहिला प्रश्न पुरुषानं विचारला तर नंतर स्त्रियांचे प्रश्न आणखी घटत. म्हणजे पहिला हात कुणाचा वर होतो यावर पुढचं सगळं वळण ठरतं. ही विद्यापीठांतली उच्चशिक्षित माणसं. मग एकोणीस वर्षांच्या मुलीनं साठ मुलांच्या वर्गात उभं राहावं अशी अपेक्षा करताना थोडा विचार करायला हवा.

बंगळुरूच्या वर्गात याला भाषेचा पदर जोडलेला आहे. तुमच्या पत्नी हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. कलबुर्गीहून, बळ्ळारीहून, बेळगाव-निपाणीकडून कन्नड किंवा मराठी माध्यमात शिकून आलेली मुलं, शेजारी शहरातल्या इंग्रजी शाळांतली मुलं, त्यात केरळ, आंध्र, बिहारहून आलेली. शंका विषयाची असते, अडतं इंग्रजी वाक्यापाशी. उभं राहून बोलताना क्रियापद चुकलं तर मागच्या बाकावरून हसू येतं. तेच लिहायचं असेल तर मुलगा शेजाऱ्याला विचारतो, दोनदा खोडतो, मग पाठवतो. वेळ मिळतो. या वेळेची किंमत मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं सत्तरच्या दशकात मोजून दाखवली होती. प्रश्न टाकल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, मुलं आपणहून जास्त बोलतात, एरवी गप्प असणारीही तोंड उघडतात. मोबाइलवर लिहिण्यात ते तीन सेकंद आपोआप मिळतात, तीस मिळतात. तुमच्या पत्नींच्या आनंदाचं मूळ इथे असावं. गप्प बसणारा वर्ग अडाणी नव्हता, हे त्यांना आता पडद्यावर दिसतंय.

आता अंगठ्यांकडे. जास्त मतं तो प्रश्न वर, हा प्रकार मोठ्या प्रमाणावर रुळवला गूगलनं. २००८ मध्ये त्यांनी ‘मॉडरेटर’ नावाची सेवा सगळ्यांसाठी खुली केली आणि २०१५ मध्ये बंदही केली. मधल्या काळात तिचा सगळ्यात गाजलेला वापर व्हाइट हाउसनं केला. मार्च २००९ मध्ये बराक ओबामांना लोकांनी ऑनलाइन प्रश्न पाठवावेत असं आवाहन झालं. ९२ हजारांहून अधिक लोकांनी लाखाहून अधिक प्रश्न लिहिले आणि छत्तीस लाखांच्या आसपास मतं पडली. देश मंदीत होता, घरं जप्त होत होती, नोकऱ्या जात होत्या. आणि मतांच्या जोरावर वर काय आलं? गांजा कायदेशीर केला तर अर्थव्यवस्था सावरेल का! गांजाच्या बाजूच्या गटांनी आपल्या लोकांना कळवून मतं टाकायला लावली होती. ओबामांनी हसत हसत, ऑनलाइन प्रेक्षकांवर एक कोपरखळी मारून, ‘नाही’ म्हणून विषय मिटवला. गांजाचा प्रश्न वाईट होता असं माझं म्हणणं नाही. म्हणणं इतकंच की मतं संघटित करता येतात, आणि असंघटितांचा प्रश्न खाली राहतो.

तुमच्या ऑफिसात कुणी गट बांधत नसेल, तरी दुसरा दोष आहेच. जो आधी लिहितो त्याला फायदा. २००६ मध्ये सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी कलाकारांची ४८ गाणी, १४ हजारांहून अधिक श्रोते. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडा त्यांना दाखवला. गाणी तीच असूनही आठ गटांत वेगवेगळी गाणी डोक्यावर घेतली गेली. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी टाकाऊ वर आलं नाही. पण मधल्या ढिगाचं काय होईल ते नशिबावर. तुमच्या बैठकीतले बहुतेक प्रश्न मधल्या ढिगातलेच असतात. पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या एका चमूनं बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांपैकी, मजकूर न बघता, कुठल्याही काहींना सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन ठेवलं. त्या प्रतिक्रियांची शेवटची बेरीज सरासरी २५ टक्क्यांनी फुगली. एका मतानं! तेव्हा बैठक सुरू होताच ‘कॅन्टीनमध्ये मिलेट्स केव्हा येणार’ हा प्रश्न टाकणारा आणि त्याला अंगठा देणारे त्याचे दोन मित्र यांची ताकद कमी समजू नका.

यावर तांत्रिक इलाज आहेत. २००९ मध्ये रेडिट या चर्चास्थळानं प्रतिक्रिया लावायची पद्धत बदलली. नुसती बेरीज न बघता, मत देणाऱ्यांपैकी किती जणांनी पसंत केलं आणि त्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा, असं संख्याशास्त्रानं मोजायला सुरुवात केली. त्यामुळे उशिरा आलेल्या चांगल्या प्रतिक्रियेलाही वर चढायची संधी मिळाली. बैठकीत एवढ्या गणिताची गरज नाही. पहिली दहा मिनिटं अंगठे बंद ठेवावेत, नुसते प्रश्न येऊ द्यावेत. त्याहून बरं म्हणजे प्रश्न आदल्या दिवशीच मागवावेत. बरीचशी साधनं कार्यक्रमाआधी खुली करता येतात आणि मतदान वेगळं बंद-चालू करता येतं. संयोजकाला ते माहीत नसतं, किंवा माहीत असून सोयीचं नसतं.

मतांशिवाय निवडायचं तर कसं? उत्तर आपल्या संसदेत आहे आणि ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. लोकसभेत कुठला तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, प्रश्न घ्यायचा हे लोकप्रियतेवर ठरत नाही. खासदार किमान पंधरा दिवस आधी सूचना देतात, एका दिवसासाठी एका खासदाराला पाचच सूचना देता येतात, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून लागतो. त्यातून दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादीत येतात, आणि एका खासदाराचा त्यात एकच. बाकीचे २३० पर्यंत प्रश्न अतारांकित. त्यांना लेखी उत्तर मिळतं. मला या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी तुमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवाव्याशा वाटतात. पहिली, चिठ्ठी. पहिल्यांदा निवडून आलेल्या, सभागृहात कुणी ओळखत नसलेल्या सदस्यालाही वरचा क्रमांक लागू शकतो. दुसरी, तोंडी घेता न आलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर. तो हवेत विरत नाही.

आणि तिसरीही आहे, ती सगळ्यात मोलाची. पूरक प्रश्न. मंत्र्यांनी गुळमुळीत उत्तर दिलं तर विचारणारा उभा राहून पुन्हा विचारतो, मग इतरही विचारतात. मंत्री घाम पुसतात ते मूळ प्रश्नावर नाही, पूरकावर. मूळ उत्तर तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं. तुमच्या पडद्यावरच्या प्रश्नाला पूरक नसतो. साहेब प्रश्न वाचतात, ‘फार चांगला प्रश्न आहे’ म्हणतात, दीड मिनिट आजूबाजूनं बोलतात, ‘उत्तर दिलं’ या खुणेवर टिचकी मारतात आणि प्रश्न पडद्यावरून नाहीसा होतो. विचारणारा निनावी. तो उठून ‘साहेब, मी हे विचारलं नव्हतं’ म्हणेल कसा? म्हटलं तर नाव कळलं. मला वाटतं तुम्ही चडफडता ते इथे. निनावीपण विचारणाऱ्याला वाचवतं तसं उत्तर देणाऱ्यालाही वाचवतं.

संसदेचं उदाहरण दिलं म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नव्हे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतल्या मिळून अकरा खासदारांना घरी जावं लागलं. पेरलेले प्रश्न ऑफिसातही असतातच, फक्त ते स्वस्तात मिळतात.

निनावी राहण्याबद्दल तुम्ही थेट विचारलं आहे, तर थेटच सांगतो. पडद्यावर नाव न दिसणं आणि कुणालाच न कळणं यात अंतर आहे. आधी हे बघा की आत जाताना कंपनीचा ईमेल किंवा पासवर्ड मागतात का. मागत असतील तर तुम्ही कोण हे यंत्रणेला ठाऊक आहे. ते साहेबांना दिसतं की नाही हे त्या साधनाच्या आणि कंपनीच्या नियमांवर अवलंबून. मागत नसतील, नुसता कोड टाकून जाता येत असेल, तर धोका कमी. पण खरी चुगली तुमची भाषाच करते. ‘मागच्या रिलीजच्या रात्री सर्व्हर पडला तेव्हा’ असं लिहिलंत तर त्या रात्री जागे असलेले सहाच जण होते. ठरावीक जागी स्वल्पविराम देणारे, ‘काइंडली’शिवाय वाक्य सुरू न करणारे टीममध्ये चटकन ओळखू येतात. दहा जणांच्या बैठकीत निनावी प्रश्न ही थट्टाच आहे. शंभराच्या पुढे तिला थोडा अर्थ येतो.

तरीही निनावी खिडकी उघडी असावी याच मताचा मी आहे. छळाची तक्रार, पगारातली तफावत, सुरक्षेतली ढिलाई हे नाव घालून विचारायला फार धीर लागतो आणि सगळ्यांकडून तो मागू नये. फक्त दुसरी खिडकीही असावी. माइक फिरता ठेवावा. ज्याला उभं राहून विचारायचं आहे त्याला ‘आधी ॲपवर टाका’ असं सांगणं हा अलीकडचा उद्धटपणा आहे. साधन आल्यावर माइक काढून घेतला असेल तर तुमच्या ऑफिसनं प्रश्न वाढवले नाहीत, फक्त आवाज कमी केला.

उघडपणे प्रश्न विचारण्याची तुमच्या शहरातच एक जुनी परंपरा आहे. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात डॉ. एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये बंगलोर सायन्स फोरम सुरू केलं. दर आठवड्याला विज्ञानावर व्याख्यान, कुणीही यावं. खादीतले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक सत्तरच्या दशकात बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि १९७६ मध्ये त्यांनी चमत्कारांची वैज्ञानिक तपासणी करायला समिती नेमली. सत्यसाईबाबांना पत्रं लिहून समितीपुढे चमत्कार करून दाखवण्याचं आव्हान दिलं. बाबा समितीपुढे आले नाहीत. पण ते आव्हान नाव घालून, पदावरून, सगळ्यांसमोर दिलेलं होतं. म्हणून उत्तर न मिळाल्याचीच चर्चा देशभर झाली आणि अजूनही होते. बिनउत्तराचा प्रश्नही काम करतो, पण तो लोकांना दिसत राहिला तर. तुमच्या बैठकीतल्या न घेतलेल्या प्रश्नांची यादी बैठक संपताच मिटते. पुढच्या वेळी एवढंच मागा. सगळे प्रश्न, घेतलेले आणि न घेतलेले, आठवडाभर सर्वांना दिसू द्या आणि प्रत्येकाखाली दोन ओळींचं लेखी उत्तर द्या. यादी साधनातून एका टिचकीसरशी उतरवून घेता येते. यात तंत्राची अडचण नाही, म्हणून नकार मिळाला तर तो कशामुळे मिळाला हेही तुम्हाला कळेल.

तुमच्या पत्नींना एक जोड सुचवतो. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर तास संपताना विद्यार्थ्यांना कागदावर लिहायला सांगत, की आजच्या व्याख्यानात सगळ्यात गढूळ राहिलेली जागा कुठली. १९८९ मध्ये त्यांनी त्यावर लेखही लिहिला. ‘काही शंका?’ असं विचारलं की वर्ग ‘नाही’ म्हणतो. ‘काय गढूळ राहिलं?’ असं विचारलं की प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. शेवटच्या तीन मिनिटांत हे मोबाइलवर घ्यावं, अंगठे पूर्ण बंद ठेवावेत आणि पुढचा तास त्यातल्या तीन शंकांनी सुरू करावा. एकाच मुलाला आलेली, कुणी अंगठा न दिलेली शंका कधी कधी अख्ख्या धड्याचं कुलूप उघडते. कारण बाकीच्यांना आपल्याला ते कळलेलं नाही, हेच कळलेलं नसतं.

प्रश्न : मी निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांकडे मोबाइल नाहीत आणि असले तरी शाळेत आणू देत नाही. वर्गात एकच फोन, तो माझा. शहरातली ही साधनं आमच्या काय कामाची?
– एक शिक्षिका, बेळगाव जिल्हा

उत्तर : बाई, एक फोन पुरतो. प्लिकर्स नावाचं साधन बघा. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड मिळतं. त्यावर क्यूआरसारखी चौकोनी नक्षी असते आणि प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी. कार्डाची कुठली बाजू वर धरली यावरून चार पर्यायांतला एक ठरतो. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुठल्या क्रमांकाच्या मुलानं काय दाखवलं ते फोनवर उमटतं. कार्डं फुकट उतरवून छापता येतात, ४० आणि ६३ चे संच मिळतात. पुठ्ठ्यावर चिकटवा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. खिडकीचा उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. शेजाऱ्याचं उत्तर मुलाला ओळखता येत नाही, हा याचा मोठा गुण.

हे साधन उत्तरं गोळा करतं, प्रश्न नाही, असं तुम्ही म्हणाल. मग पर्यायच बदला. ‘समजलं’, ‘पुन्हा सांगा’, ‘उदाहरण द्या’, ‘मला विचारायचं आहे’. चौथी बाजू धरणाऱ्या मुलाकडे मधल्या सुट्टीत जा. तीस जणांसमोर नाही, एकटीनं.

लिहिता न येणाऱ्या लहानांसाठी फोनवरचं बोलून टाइप करणं वापरा. गूगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आणल्या. मुलानं सीमाभागातल्या बोलीत विचारलं तर यंत्र अधूनमधून भलतंच लिहील. मुलांना त्याचीही मजा वाटते आणि ते दुरुस्त करताना प्रश्न दोनदा वाचला जातो. मात्र मुलांची नावं, फोटो कुठल्याही परदेशी साधनात भरू नका, कार्डाचा क्रमांक पुरे. आपल्या २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे मूलच धरले आहेत आणि त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हा नियम आहे. बाकी, कोपऱ्यातली पत्र्याची प्रश्नपेटी अजून कुठल्याही ॲपला हरलेली नाही. तिला चार्जिंग लागत नाही. फक्त ती रोज उघडावी लागते, आणि बहुतेक शाळांत नेमकं तेच राहून जातं.

प्रश्न : सर्जापूर रोडवर आमची चारशे फ्लॅटची सोसायटी आहे. वार्षिक सभेचे प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात आणि सभेच्या आधीच भांडण संपून जातं, किंवा सुरू होतं. ऑफिससारखं निनावी ॲप आणावं का?
– एक त्रस्त सचिव, बंगळुरू

उत्तर : आणू नका. ऑफिसात नोकरी जायची भीती असते म्हणून निनावी खिडकी लागते. सोसायटीत तुम्ही सगळे मालक आहात. टँकरच्या पाण्यावर किती खर्च झाला हे विचारणं हा हक्क आहे, धाडस नव्हे. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूत पाण्याचे जे हाल झाले, त्यानंतर तर हा प्रश्न कुणी विचारला नाही तरच नवल. निनावी केलंत तर भाडेकरू, बिल्डरचे हितचिंतक आणि मागच्या निवडणुकीत पडलेले उमेदवार, सगळ्यांचा आवाज एकाच वजनाचा होईल.

साधा गूगल फॉर्म करा. रकाने तीनच ठेवा, फ्लॅट क्रमांक, विषय आणि प्रश्न. सभेच्या दहा दिवस आधी पाठवा, तीन दिवस आधी बंद करा. हिशेबाचे प्रश्न खजिनदारांना, पाण्याचे देखभाल समितीला, कुत्र्यांचे आणि पार्किंगचे सगळ्यात शेवटी, कारण ते आधी घेतले तर बाकीच्यांना वेळ उरणार नाही. सारखे प्रश्न एकत्र करा, पण विचारणाऱ्याचे शब्द बदलू नका. ‘देखभाल खर्चाबाबत काही शंका’ असं गुळगुळीत करून लिहिलंत की तो माणूस सभेत दुप्पट चिडून उठतो. प्रश्नांची यादी नोटीस बोर्डावर लावा आणि आकड्यांची उत्तरं आधीच लेखी द्या. सभेत फक्त पूरक प्रश्न घ्या, एका फ्लॅटला दोन. व्हॉट्सॲप गट सभेच्या आदल्या रात्रीपासून ‘फक्त ॲडमिन’ या सेटिंगवर ठेवा. त्यावर शिव्या येतील, त्या सचिवाच्या नावावरच येतात आणि त्याला कुठलंच ॲप नाही.